हंगामाची पत्रिका

आमच्या कलाकेंद्राच्या गेल्या हंगामात सगळ्यात मोठी गर्दी झाली ती सतारवादनाला. चौदा जण होते. त्यातले पाच सतारवादकांच्या घरचे, दोन शेजारच्या गोदामात माल उतरवून पंख्याखाली टेकायला आलेले, आणि एक कुत्रा. कुत्र्याला मी मोजलं नसतं. आमचे संचालक अनिमेष सर यांनी मोजायला लावलं, कारण तो शेवटपर्यंत बसला होता.

मी सुचेता. विद्यापीठाच्या वडपे गावातल्या कलाकेंद्रात नऊ वर्षं कार्यक्रम समन्वयक होते. पद भारदस्त वाटतं, पण कलाकाराला स्टेशनवरून आणण्यापासून त्याच्या चहात साखर कमी का पडली याचं उत्तर देण्यापर्यंत सगळं त्या एका शब्दात बसवलेलं असतं. अनिमेष सर मुंबईला असत आणि फोनवरून केंद्र चालवत. चारी बाजूंनी गोदामं, मधोमध आमचं पाचशे खुर्च्यांचं सभागृह. तसं सभागृह अख्ख्या भिवंडी तालुक्यात नाही. हे मी अभिमानाने सांगते, आणि कुणी हसलं तर मला राग येतो.

दिवाळीआधी विद्यापीठाचं पत्र आलं. नव्या हंगामाच्या पहिल्या कार्यक्रमाला एक समिती येईल. कार्यक्रम सुरू होताना खुर्च्यांवर किमान दोनशे प्रेक्षक बसलेले नसले, तर इमारत गोदाम म्हणून भाड्याने देण्यात येईल. वडप्यात रिकामी भिंत दिसली की माणसं तिच्या कडेने खोकी रचायला बघतात, त्यामुळे भाडेकरू मिळेल की नाही याची चिंता पत्रात नव्हती. मला मात्र रात्रभर झोप नाही. ज्या रंगमंचावर लोक जीव ओतून गातात, तिथे बाळांच्या लंगोटांचे खोके रचले जाणार, हेच डोळ्यांसमोर येत होतं.

हंगामाची माहितीपुस्तिका तयार होती. काळा गुळगुळीत कागद, त्यावर एकच पांढरी वळणदार रेघ. ती नर्तिकेचा हात आहे असं चित्रकाराचं म्हणणं होतं. माझे वडील, अण्णा, भिवंडीतल्या शाळेत छत्तीस वर्षं मास्तर होते. त्यांनी पुस्तिका उलटसुलट करून विचारलं, "हा बायपासचा नकाशा का?" दोन हजार प्रती वाटल्या. एकही फोन आला नाही. नाही, एक आला, पण त्याला ट्रक पार्किंग हवं होतं.

अशात एका सकाळी महादूशेठ सभागृहात शिरले. आजूबाजूची निम्मी गोदामं त्यांची. हातात मोजपट्टी होती.

"रागवू नका मॅडम, नुस्ता मेजरमेंट घेतो," ते म्हणाले. "पुढंमागं लागंल."

मी त्यांच्या हातात मोजपट्टीऐवजी पुस्तिका ठेवली आणि म्हटलं, मेजरमेंट घ्यायचं तर याचं घ्या. बारा कार्यक्रम आहेत, पहिलाच मृणाली यांच्या कथकचा, सगळे फुकट, तरी तुमच्या गावातलं एक माणूस येत नाही.

महादूशेठनी पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बघितली. मग शेवटच्या पानापासून पहिल्या पानापर्यंत.

"यात नाव कुनाचाच न्हाय."

"हे काय, मृणाली. हे त्यांचे तबलजी."

"त्या नाचनार हायत. पन बोलावतंय कोन?"

"विद्यापीठ बोलावतंय."

"विद्यापीठ कुनाचा मामा हाय?" त्यांनी शांतपणे विचारलं. "मॅडम, आमच्यात पत्रिका आली का पयला नावां बघतात. आपल्या भाऊकीतला कोन हाय, सोयऱ्यातला कोन हाय. वलखीचा एक नाव न्हाय, त्या मांडवात मानूस जाईल कशाला? आन् नाव असंल, तर न जाऊन सांगंल कुनाला?"

मला त्या माणसाचा राग यायचा, पण या बोलण्याला तोड नव्हती. आमच्या भागातल्या लग्नपत्रिका मी पाहिलेल्या आहेत. नवरा-नवरी एका कोपऱ्यात आणि बाकी सगळी जागा नावांनी भरलेली. एक नाव गळलं तर दोन पिढ्या बोलणं बंद.

"मग घालू नावं," मी म्हटलं. आडात उडी मारायची तर कपडे सांभाळून काय करायचं!

नावं सांगायला महादूशेठची आई, ठकुबाई. वय ऐंशीच्या पुढे, अक्षरओळख नाही, आणि सात गावांची नाती तोंडपाठ. त्यांच्या घरी इटालियन फरशीच्या हॉलमध्ये झोपाळ्यावर बसून ती सांगायची आणि मी खाली बसून लिहायचे. दिवसभर, सलग पाच दिवस. आधी गेलेल्यांची नावं, 'यांच्या पुण्यस्मरणाने' म्हणून. मग आशीर्वाद देणारे. मग निमंत्रक, व्यवस्थापक, स्वागतोत्सुक. पडघ्याला दिलेल्या मुली, त्यांच्या सासरचे, त्या सासरच्यांच्या मुली जिथे दिल्या तिथले.

"आजी, एवढे कशाला?" मी तिसऱ्या दिवशी कळवळून विचारलं.

"कुनाला काढू ते सांग," ती म्हणाली. मी वहीचं नवं पान उघडलं.

शेवटी लहान पोरांची नावं आली. लग्नपत्रिकेत पोरांच्या तोंडी 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!' असं असतं, तसं इथे 'आमच्या कथकला यायचं हं!' आणि खाली दोनशे अकरा चिरंजीव आणि कुमारी. ही बातमी अण्णांना लागली. त्यांनी आपले सगळे विद्यार्थी तुकडीवार दिले, नापास झालेल्यांसकट. भिवंडी शहरात नारपोलीतल्या यंत्रमागवाल्यांना कळलं, त्यांनी शिफ्टवार याद्या पाठवल्या. सगळी मिळून तीन हजार दोनशे सहा नावं झाली.

छपाई नारपोलीतल्या भाविकच्या प्रेसमध्ये. भाविक फक्त लग्नपत्रिका छापतो, दुसरा साचा त्याच्याकडे नाही. वर गणपती बसला, कार्यक्रमाची वेळ सायंकाळी सहा वाजून सतरा मिनिटांच्या शुभमुहूर्तावर गेली, आणि मधल्या दोन गोलांपैकी एकात 'चि. सौ. कां. मृणाली' असं आलं. दुसरा गोल रिकामा कसा ठेवायचा म्हणून भाविकने स्वतःच्या अकलेने त्यात 'चि. कथक' छापलं. खाली ठळक अक्षरात, 'कृपया आहेर आणू नये.'

मृणालीताईंचा फोन आला. "सुचेता, मला लोक अभिनंदनाचे मेसेज पाठवतायत. मुलगा काय करतो?"

अनिमेष सरांचाही आला. त्यांनी विचारलं, नव्या हंगामाचे उरलेले अकरा कार्यक्रम कुठे आहेत. मी म्हटलं, पान तीन, कै. धर्मा बुवांच्या खाली.

एवढ्यावर भागलं असतं, पण चांगदेव आडवा आला. चांगदेव महादूशेठचा चुलतभाऊ, वडप्याचा माजी उपसरपंच. त्याचं नाव धाकट्या भावाच्या खाली गेलं होतं. तो प्रेसच्या दारात खुर्ची टाकून बसला आणि म्हणाला, एकही पत्रिका बाहेर जाऊ देणार नाही. त्याचं नाव वर घेतलं तर धाकटा दुसरी खुर्ची घेऊन आला. शेवटी भाविकने दोन तऱ्हेच्या पत्रिका छापल्या. एकीत थोरला वर, दुसरीत धाकटा वर. ज्याच्या त्याच्या माणसांना ज्याची त्याची पत्रिका. दोघं हसत घरी गेले.

पत्रिका पोस्टाने चालणार नव्हती. मी, महादूशेठ आणि ठकुबाई, त्यांच्या पांढऱ्या मोठ्या गाडीतून दारोदार फिरलो. हळदकुंकू लावायचं, अक्षता ठेवायच्या, चहा प्यायचा. मी बावीस दिवसांत सहाशे कप चहा प्याले. प्रत्येक घरात माणसं पत्रिका उघडून आपलं नाव शोधत, त्यावर बोट ठेवत आणि ते बोट तिथेच धरून म्हणत, "येनार म्हंजे येनारच." मला आयुष्यात इतकं यश कधी मिळालं नव्हतं. मी स्कूटरवर एकटीच हसत घरी जायचे.

कार्यक्रमाच्या दिवशी चार वाजताच माणसं यायला लागली. ट्रॅव्हलर, टेम्पो, बुलेट, बैलगाडीसुद्धा एक, हौसेची. गुलाबी फेटे, पैठण्या, गळ्यात मावणार नाही इतकं सोनं. मी दारात उभी राहून रडायचीच बाकी होते. पाच वाजता आत जाऊन पाहिलं, पाचशेच्या पाचशे खुर्च्या रिकाम्या.

बाहेर आले. दारापासून फाटकापर्यंत दुतर्फा रांगा लागल्या होत्या. सगळे हात जोडून उभे. नवीन गाडी आली की सगळे कमरेत वाकून "या, या, या!" म्हणत, गुलाबपाणी शिंपडत. गाडीतून उतरणारा पत्रिका दाखवायचा, "मी पान एकोणीस," असं म्हणायचा आणि रांगेच्या शेवटी जाऊन हात जोडून उभा राहायचा. रांगा फाटकाबाहेर पडून सर्व्हिस रोडला लागल्या होत्या.

"महादूशेठ, हे आत का बसत नाहीत?"

महादूशेठनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "मॅडम, ते निमंत्रक हायत. पाव्हना आल्याबिगर यजमान कसा बसंल?"

"पण पाहुणे कोण?"

या प्रश्नाने त्यांचा चेहरा उतरला. लग्नात पत्रिकेवर दोनशे नावं असतात आणि मांडवात दोन हजार माणसं. इथे ज्याला ज्याला बोलावलं, त्याचं त्याचं नाव पत्रिकेवर होतं. आम्ही सात गावांत आणि एका शहरात पाहुणा म्हणून एक माणूस शिल्लक ठेवला नव्हता.

मी अण्णांकडे धावले. ते सव्विसाव्या पानावरच्या मुलांबरोबर उंचीप्रमाणे रांगेत उभे होते. "अण्णा, तुम्ही तरी आत बसा."

"सुचेता, मी निमंत्रक आहे," अण्णा कडक आवाजात म्हणाले. "शिस्त म्हणून काही असते."

मग पाहुणे शोधायची मोहीम निघाली. चांगदेव आणि त्याचा धाकटा भाऊ पहिल्यांदाच एकत्र, हायवेवर उभे राहून गाड्या थांबवू लागले. पडघ्याला जाणारी एसटी थांबवली. चव्वेचाळीस माणसं उतरली, चव्वेचाळीसही निमंत्रक निघाली, उशीर झाल्याबद्दल क्षमा मागून रांगेत लागली. एक कंटेनरचा ड्रायव्हर मात्र खरोखर परका होता. त्याला फेटा बांधला, ओवाळलं, पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीत बसवलं. तीन हजार माणसांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तो सरबत प्यायला आणि उठला.

"भाईसाब, गाडी खाली करनी है, ड्युटी है," तो म्हणाला. त्याला आहेर म्हणून नारळ देऊन निरोप दिला, फाटकापर्यंत पोचवला. रिकाम्या खुर्च्या पुन्हा पाचशे.

पावणेसहाला समिती आली. समितीच्या प्रमुख निवेदिता मॅडम, पांढरी साडी, हातात माणसं मोजायचं ते टिकटिक वाजणारं यंत्र. त्यांचं स्वागत इतकं झालं की गाडीपासून दारापर्यंत यायला त्यांना बारा मिनिटं लागली. त्या आत गेल्या, सभागृहावरून नजर फिरवली. यंत्र वाजलं नाही.

"मॅडम, बाहेर तीन हजार माणसं आहेत," मी म्हटलं.

"पत्रात 'खुर्च्यांवर बसलेले' असं आहे."

"तुम्हीच बसा ना, तुम्ही पाहुण्याच आहात."

त्यांनी पर्समधून पत्रिका काढली आणि 'प्रमुख उपस्थिती' या मथळ्याखाली बोट ठेवलं. तिथे त्यांचं नाव होतं, आणि त्यांच्या दोन्ही सहकाऱ्यांचंही. भाविकने कुणालाच सोडलं नव्हतं. त्या आपल्या माणसांना घेऊन बाहेर गेल्या आणि रांगेत उभ्या राहिल्या. नियमाच्या बाई होत्या.

पडद्यामागे मृणालीताई घुंगरू बांधून बसल्या होत्या. सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. मुहूर्त टळला की निवेदिता मॅडम तक्त्यात शून्य लिहिणार होत्या. मी त्या रिकाम्या सभागृहाच्या मधोमध उभी राहिले आणि मोठ्याने रडले. बाईमाणसाने असं चारचौघांत रडू नये म्हणतात, पण चारचौघे बाहेर होते.

ठकुबाई काठी टेकत आत आली. मागून महादूशेठ, त्यांच्यामागे दारात जितकी डोकी मावतील तितकी.

"रडतेस कशाला गो पोरी?" तिने विचारलं आणि मग ती थांबली. माझ्याकडे टक लावून बघत राहिली, ओठ हलवत. पाच दिवसांची सगळी यादी ती मनात पहिल्यापासून फिरवत होती हे मला समजलं. निदान तीन मिनिटं लागली.

"तुजा नाव न्हाय," ती म्हणाली.

"काय?"

"पत्रिकेवर तुजा नाव न्हाय. मी सांगितलाच न्हाय. मी सांगत होते आन् तू लिवत होतीस."

दारातल्यांनी पत्रिका उघडल्या. पानांचा फडफड आवाज दारापासून फाटकापर्यंत आणि फाटकापासून हायवेपर्यंत गेला आणि परत आला.

"न्हाय!" बाहेरून चांगदेव ओरडला. "खरंच न्हाय! पाव्हनी घावली!"

कुणीतरी मला कुंकू लावलं, कुणीतरी माझ्या हातावर अत्तर चोळलं. महादूशेठनी स्वतः मधली खुर्ची फेट्याच्या शेमल्याने पुसली. "पाव्हनी बसली का मंग घरच्या मानसांनी बसाय हरकत न्हाय," ठकुबाईने निवाडा दिला आणि मी खुर्चीकडे निघाले.

"थांबा," निवेदिता मॅडम म्हणाल्या. त्या माणसांतून वाट काढत पुढे आल्या होत्या. "केंद्राचा कर्मचारी प्रेक्षक होऊ शकत नाही. तुम्ही बसलात तर ते बसणं धरता येणार नाही."

महादूशेठ म्हणाले, "त्या नका धरू, मागचे पाचशे धरा."

"पाहुणीच धरता येत नसेल तर बाकीचे कशाच्या आधारावर बसले म्हणू?" हे त्यांनी इतक्या गंभीरपणे विचारलं की सगळ्या यजमानांनी माना डोलावल्या. त्यांना ते अगदी पटलं होतं. त्या एवढ्या तीन हजार माणसांत मीच एकटी होते जिला यात काही चुकतंय असं वाटत होतं, आणि माझ्याकडे चार मिनिटं होती.

मी मॅडमच्या हातातून त्यांचा तक्ता घेतला. पत्रिकेवर कोरी जागा नव्हती, म्हणून तक्त्याच्या पाठीवर लिहिलं. 'मी समन्वयक पदाचा राजीनामा देत आहे. आज सायंकाळी सहा वाजून चौदा मिनिटांपासून.' खोटं कशाला सांगू, त्या नोकरीखेरीज माझ्याकडे दुसरं काही नव्हतं, आणि ती सोडल्याशिवाय हे सभागृह वाचत नव्हतं.

"मॅडम, घाई करू नका," महादूशेठ हळूच म्हणाले. मोजपट्टी घेऊन आलेला माणूस तो. त्याचे डोळे भरले होते.

मी सही केली. गळ्यातलं ओळखपत्र काढून निवेदिता मॅडमच्या हातात दिलं आणि बसले.

"बसा रं आता," ठकुबाई म्हणाली.

तो आवाज मी विसरणार नाही. पाचशे खुर्च्यांच्या पाचशे फळ्या एकदम खाली पडल्या. निवेदिता मॅडमचं यंत्र टिकटिकत सुटलं, अंगठा दुखायला लागला तेव्हा त्यांनी हात बदलला. उरलेले भिंतींना लागून, दारांत, खिडक्यांत उभे राहिले. ठकुबाई माझ्या शेजारी बसली. सहा वाजून सतरा मिनिटांनी पडदा उघडला. तो कुणी ओढला, मला माहीत नाही.

नऊ वर्षं मी नाच विंगेतून पाहिला होता. कलाकाराचा एक कान, एक खांदा आणि घामाने भिजलेली पाठ. त्या संध्याकाळी मृणालीताई समोरून चालत आल्या आणि मला पहिल्यांदा नाचणाऱ्या माणसाचा चेहरा दिसला. त्या माझ्याकडे बघून नाचत होत्या. सभागृहातली एकूण एक माणसं मात्र रंगमंचाकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, पाहुणीला आवडतंय ना म्हणून. मी हसले की पाचशे हसत. मी टाळी वाजवली की छत थरथरे. एकदा मी डोळे पुसले, तर मागून कुणीतरी घाबऱ्या आवाजात विचारलं, "काय कमी पडलं काय?"

मग विजेच्या खोलीत गडबड झाली. तिथे आता माझ्या जागी चांगदेव बसला होता. मृणालीताईंनी गिरक्या घ्यायला सुरुवात केली आणि त्याने सगळे पिवळे दिवे मालवून एकच निळा लावला, तोही तबलजींच्या डोक्यावर. ताई अंधारात फिरत राहिल्या. डावीकडून तिसरा खटका, एवढंच होतं. मला डोळे मिटून सापडला असता. मी खुर्चीतून अर्धी उठले.

ठकुबाईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हातारीच्या हाताला चांगला जोर होता.

"बस गो," ती म्हणाली. "तू पाव्हनी हायस. ह्या आता तुजा घर न्हाय."

अंधारात घुंगरू वाजत होते. मी बसले.